आपल्या जिल्ह्याची संकटे कशी मोजावीत?

पुणे जिल्ह्यात वर्षाला पाऊस किती पडतो, असे गुरुजींनी वर्गात विचारले तर एखादा हुशार मुलगा चटकन आकडा सांगून खाली बसेल. आकडा पुस्तकातला असेल, म्हणून बरोबरही असेल. पण त्याचा उपयोग फारसा नाही. कारण लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, पुणे शहरात सातशेच्या आसपास, आणि पूर्वेला बारामती-इंदापूरकडे गेलात तर जेमतेम पाचशे, तोही लहरीप्रमाणे. सकाळी लोणावळ्याहून एस. टी.त बसलेला माणूस संध्याकाळच्या आत इंदापुरास पोचतो. एवढ्या प्रवासात भातखाचरे मागे पडतात, बाजरी लागते, आणि पुढे ज्वारीची काळी रानेही दिसतात. या सगळ्याची मिळून सरासरी काढली तर ती मावळच्या शेतकऱ्याच्याही उपयोगाची नाही आणि इंदापूरच्याही नाही.

पावसाचे जे, तेच संकटांचे. पुणे जिल्ह्याला पुराचे भय किती, दुष्काळाचे किती, दरडीचे किती, भूकंपाचे किती, हे एका आकड्यात सांगता येत नाही. तरी ते मोजावे तर लागतेच. धान्य कुठे साठवायचे, औषधे कुठे ठेवायची, शाळेची इमारत कुठे बांधायची आणि कोणती वस्ती पावसाळ्यापूर्वी हलवायची, हे सारे त्या मोजमापावर ठरते. हे माप आपल्या जिल्ह्यात कसकसे बदलत आले आणि प्रत्येक वेळी त्यातून काय सुटून गेले, त्याची हकिकत आज सांगावयाची आहे.

हकिकतीत शिरण्यापूर्वी एक गोष्ट पक्की करू या. कोणत्याही गावाचा धोका ठरवताना तीन प्रश्न विचारावे लागतात. पहिला: इथे काय येऊ शकते, आणि किती वर्षांतून एकदा? दुसरा: ते आले तर त्याच्या वाटेत कोण आणि काय आहे? घरे, गोठे, पिके, रस्ते, विहिरी? आणि तिसरा: जे वाटेत आहेत त्यांची सोसण्याची आणि पुन्हा उभे राहण्याची ऐपत किती? नदी तीच, पूरही तेवढाच. तो नुसत्या वाळवंटावरून गेला तर दुसऱ्या दिवशी लोक त्याच्या गोष्टी सांगतात. पण काठावर पत्र्याची घरे असतील तर त्याच पाण्याने पन्नास संसार उघडे पडतात. म्हणून पहिल्या प्रश्नाचे उत्तर आकाशाकडे आणि जमिनीकडे पाहून मिळते, पण उरलेल्या दोन प्रश्नांची उत्तरे गावातच शोधावी लागतात.

आता इतिहासाकडे वळू. पुणे जिल्ह्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत ओळखीचे संकट म्हणजे दुष्काळ. १६३० सालचा दुष्काळ देहूपर्यंत पोचला होता. त्यात तुकाराम महाराजांचा व्यापार बुडाला, घरची माणसे गेली, हे आपल्याला ठाऊकच आहे. १८०३-०४ चा दुष्काळ निराळ्या जातीचा. १८०२ च्या ऑक्टोबरात हडपसरजवळ यशवंतराव होळकर आणि शिंदे-पेशवे यांच्या फौजांची लढाई झाली. फौजांनी मुलूख खाऊन फस्त केला, आणि पाठोपाठ पावसाने दगा दिला. म्हणजे पहिल्या प्रश्नाचे उत्तर 'पाऊस' हेच असले, तरी लोकांची सोसण्याची ताकद आधी माणसांनीच काढून घेतली होती. दुष्काळ नुसता आभाळातून पडत नाही, याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे.

या दुष्काळांची हकिकत आहे, पण पद्धतशीर मोजमाप नाही. ते सुरू झाले १८७६ च्या मोठ्या दुष्काळानंतर. त्या वर्षी दख्खनचा पाऊस बुडाला आणि पुणे, सोलापूर, सातारा, अहमदनगर या भागांत हाहाकार उडाला. त्या वेळी पुण्याच्या सार्वजनिक सभेने एक मोलाचे काम केले. गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले सार्वजनिक काका, आणि न्यायमूर्ती रानडे यांच्या या सभेने गावोगावची माहिती गोळा केली. पीक किती आले, गुरे किती मेली, कोण गाव सोडून गेले, मदतीच्या कामावर मजुरी किती मिळते, हे सारे लिहून काढून सभेने ते सरकारपुढे मांडले. सरकारी अहवाल वरून खाली पाहात होते, तर सभेची पत्रके गावातून वर पाहात होती. जिल्ह्याच्या संकटाचा लोकांनी केलेला हा पहिला हिशेब म्हटला पाहिजे.

सरकारने १८७८ मध्ये दुष्काळ आयोग नेमला. १८८० मध्ये त्याचा अहवाल आला आणि त्यातून दुष्काळ संहिता तयार झाली. या संहितेत एक साधी पण हुशारीची युक्ती होती. दुष्काळाची शंका आली की आधी 'चाचणीची कामे' काढायची. खडी फोडणे, रस्त्याची माती टाकणे अशी कष्टाची कामे थोड्या मजुरीवर सुरू करायची आणि लोक येतात का ते पाहायचे. एवढ्या मजुरीवर माणसे झुंडीने आली तर समजायचे की घरात दाणा उरलेला नाही. युक्ती चांगली, पण निष्ठुरही. कारण माणूस खडी फोडायला येतो तोपर्यंत त्याने बैल विकलेला असतो आणि बायकोच्या अंगावरचा डागही मोडलेला असतो. १८९६-९७ च्या दुष्काळात लोकमान्य टिळकांनी आणि सार्वजनिक सभेच्या माणसांनी खेड्यांत जाऊन याच संहितेतले हक्क शेतकऱ्यांना समजावून सांगितले. सारा तहकूब करून मिळणे ही मेहरबानी नाही, कायद्याने ठरलेली गोष्ट आहे, हे पुष्कळांना तेव्हा प्रथम कळले.

सारा तहकूब करायचा तर पीक किती आले हे ठरवले पाहिजे. त्यासाठी आणेवारी आली. पिकाची प्रत आण्यांत सांगायची. वडीलधाऱ्या मंडळींना हा शब्द चांगला ठाऊक आहे. १९५७ मध्ये दशमान नाणी आली आणि पुढे आणेवारीची पैसेवारी झाली. गावाची पैसेवारी पन्नासच्या आत गेली की टंचाईच्या सवलती लागू, असा नियम महाराष्ट्रात वर्षानुवर्षे चालला. गावातली काही शेते निवडायची, ठरावीक चौरसातले पीक कापायचे, मळायचे, वजन करायचे आणि त्यावरून साऱ्या गावाचे अनुमान बांधायचे, अशी ही रीत.

तिचा मोठा गुण असा की तिचे माप गाव हे होते. जिल्ह्याच्या सरासरीत लपून गेलेले गाव तिच्यात वर येई. पण माप कोणाच्या हातात आहे याला महत्त्व असते. १९१८ मध्ये गुजरातेत खेडा जिल्ह्यात हाच वाद पेटला होता. पीक चार आण्यांच्या आत असेल तर सारा तहकूब व्हावा असा नियम होता. शेतकरी म्हणत पीक चार आण्यांच्या आत आहे, अधिकारी म्हणत वर आहे. त्यातूनच गांधीजींचा खेडा सत्याग्रह उभा राहिला. दुसरा दोष असा की पैसेवारी कळते ती पीक उभे राहिल्यावर किंवा करपल्यावर. पुढच्या वर्षी काय होऊ शकेल, हे ती सांगत नाही.

ते सांगण्याचा प्रयत्न १९७२ च्या दुष्काळानंतर झाला. तो दुष्काळ पाहिलेली माणसे अजून गावोगाव आहेत. मिलो ज्वारी, सुकडी, पाझर तलावांची कामे आणि खडीचे ढीग त्यांना आठवत असतील. १९७३ च्या उन्हाळ्यात साऱ्या राज्यात दुष्काळी कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती. त्याच वर्षी सुखठणकर समितीने राज्यातले अवर्षणप्रवण तालुके निश्चित केले. या वर्षी काय झाले एवढेच न पाहता कोणत्या तालुक्यात हे पुन्हा पुन्हा होते ते पाहायचे, अशी ही दृष्टी होती. रोजगार हमीची कल्पनाही याच काळात रुजली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आता तर पाऊस, जमिनीतली ओल, उपग्रहातून दिसणारी पिकांची हिरवाई, धरणांतला साठा आणि विहिरींची पातळी असे अनेक आकडे एकत्र पाहून दुष्काळ ठरवण्याची नवी पद्धत केंद्र सरकारने २०१६ मध्ये आखून दिली आहे. चाचणीच्या खडीपासून उपग्रहापर्यंत, असा हा दीडशे वर्षांचा प्रवास.

श्रोतेहो, इथपर्यंत आपण फक्त पाणी नसण्याचे संकट पाहिले. पूर्वीच्या राज्यकर्त्यांनीही पुष्कळ काळ तेवढेच पाहिले. पुणे जिल्ह्याचा पूर्व भाग कोरडा, म्हणून पश्चिमेच्या डोंगरातले पाणी अडवून तिकडे न्यावे, या विचारातून फाईफ नावाच्या इंजिनिअरच्या योजनेप्रमाणे मुठा नदीवर खडकवासल्याचे दगडी धरण उभे राहिले. १८७९ च्या सुमारास ते पुरे झाले. त्याच्या उजव्या कालव्याने हवेली-दौंडकडची राने भिजू लागली, आणि पुणे शहराला नळाचे पाणी मिळू लागले. पुढे पाणी पुरेना, म्हणून वरच्या बाजूला आंबी नदीवर पानशेतचे मातीचे धरण हाती घेतले गेले. दुष्काळाच्या हिशेबाने पाहिले तर दोन्ही कामे योग्यच होती.

पण धोक्याच्या वहीत आता एक नवी नोंद व्हायला हवी होती. ती अशी की, शहराच्या डोक्यावर पाणी साठले आहे, त्यातले एक धरण अजून पुरे झालेले नाही, आणि ते फुटले तर खालचे धरण त्याच्या वाटेत आहे. १९६१ चा जुलै आला तेव्हा पानशेतच्या पोटातून पाणी सोडण्याच्या भुयाराचे काम अपुरे होते. पाऊस कोसळत होता आणि पाणी चढत होते. भराव खचू लागला तेव्हा लष्कराच्या जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. १२ जुलैला सकाळी धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ते धरणही त्याच दिवशी फुटले. लकडी पूल पाण्याखाली गेला. शनिवार, नारायण, कसबा, सोमवार या पेठांत आणि डेक्कन जिमखान्यावर घरेच्या घरे बसली. पुण्याचा नकाशाच त्या दिवशी बदलला. गोखलेनगर, लोकमान्यनगर या वसाहती पूरग्रस्तांच्या पुनर्वसनातून वाढल्या.

या घटनेतली दोन गोष्टींची नोंद शिक्षकांनी मुलांपुढे अवश्य ठेवावी. पहिली, पूर ओसरल्यावर शहराला पाणी राहिले नाही! खडकवासला रिकामा झाला, नळ कोरडे पडले, आणि वाड्यांतले जुने आड, विहिरी आणि कात्रजच्या नळाचे पेशवेकालीन हौद कामास आले. एका संकटाच्या पोटात दुसरे संकट असते, ते असे. दुसरी गोष्ट, चौकशी झाली. न्यायमूर्ती नाईक यांच्या आयोगाने ती पुरी केली. चौकशी आवश्यकच होती. पण जिथे पाणी साठवले जाते तिथे ते फुटले तर कुठवर जाईल, किती वेळात जाईल आणि वाटेत कोण आहे, हा हिशेब धरण भरण्याच्या आधी मांडायचा असतो. तो नंतर मांडला तर मेलेल्या माणसाला त्याचा उपयोग नसतो.

नद्यांच्या काठी आज निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतात. निळी रेषा म्हणजे पंचवीस वर्षांतून एकदा येईल अशा पुराची, आणि लाल म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येईल अशा पुराची. इथे पुष्कळांची समजूत चुकते. 'शंभर वर्षांचा पूर गेल्याच साली येऊन गेला, आता आपल्या नातवंडांनी बघावं,' असे लोक बोलतात. तसे नाही. याचा अर्थ असा, की दर वर्षी तो येण्याची शक्यता शंभरात एक, मग गेल्या वर्षी तो आलेला असो वा नसो. गणित करून पाहा. लाल रेषेच्या पातळीवर कोणी घर बांधून तीस वर्षे राहिला, तर त्या तीस वर्षांत एकदा तरी पाणी दारात येण्याची शक्यता चारात एकाहून थोडी जास्त निघते. आणि निळ्या रेषेच्या पातळीवर घर असेल तर तीच शक्यता दहात सात! आठवी-नववीच्या मुलांना हे गणित घालावे. दर वर्षी पूर न येण्याची शक्यता पंचविसात चोवीस. ती तीस वेळा गुणावी, आणि आलेले उत्तर एकातून वजा करावे.

आणि पूर नदीलाच येतो असेही नाही. पुण्यातला आंबिल ओढा पूर्वी शहरातून वाहात असे. पेशवाईत त्याला वळण दिले गेले. पुढे शहर वाढले, ओढ्याचे काठ भरले, पात्र आवळले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजच्या डोंगरावर आणि दक्षिण पुण्यावर मुसळधार पाऊस झाला आणि त्या ओढ्याने अरण्येश्वर, टांगेवाले कॉलनी अशा वस्त्यांत माणसे, वाहने, भिंती वाहून नेल्या. एरवी उडी मारून ओलांडावा असा हा ओढा. आपल्या गावाचाही असा एखादा ओढा असेल. 'त्याला काय होतंय' असे ज्याच्याविषयी म्हटले जाते, त्याची नोंद आधी करावी.

आता जमिनीकडे पाहू. दख्खनचा खडक पुराणा आणि भक्कम, इथे भूकंपाचे भय नाही, असा समज पुष्कळ वर्षे होता. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेचा भूकंप झाला आणि तो समज ढासळला. पुण्यातही माणसे घराबाहेर धावली. देशाचा भूकंपाचा नकाशा पाचच वर्षांपूर्वी, १९६२ मध्ये झाला होता. तो १९७० मध्ये बदलावा लागला. या नव्या नकाशात लातूरकडचा भाग सर्वांत कमी धोक्याच्या विभागात होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, अनंत चतुर्दशीला गणपती बोळवून लोक झोपले असताना, किल्लारीची जमीन हादरली आणि जवळजवळ आठ हजार माणसे गेली. २००२ मध्ये नकाशा पुन्हा बदलला. त्यात पुणे तिसऱ्या, म्हणजे मध्यम धोक्याच्या विभागात आहे.

किल्लारीत माणसे मेली ती हादऱ्याने कमी आणि घरांनी जास्त. मातीत रचलेल्या दोन-दोन हात रुंद दगडी भिंती, आणि वर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात ही घरे थंडगार. पण हादरा बसला की भिंतीचे दगड सुटतात आणि सारे माळवद झोपलेल्या माणसांवर येते. भिंतीच्या वरच्या अंगाने चहूकडून एक बंधारपट्टी फिरवली, आणि जागोजाग लांब दगड भिंतीत आरपार घातले, तर असे घर पुष्कळ तग धरते. भूकंप केव्हा येणार ते कोणीच सांगू शकत नाही. घर कसे आहे ते मात्र गावचा गवंडीसुद्धा सांगू शकतो. म्हणून घरांची मोजदाद हा भूकंपाच्या हिशेबाचा निम्मा भाग आहे.

राहिली दरड. आंबेगाव तालुका घ्या. त्याच्या पूर्वेला लोणी-धामणीकडे पिण्याच्या पाण्याची ओढाताण, आणि पश्चिमेला भीमाशंकरच्या अंगाने डोंगर पावसात चिंब. एकाच तालुक्यात ही दोन टोके. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी त्या पश्चिमेच्या माळीण गावावर डोंगराचा कडा घसरून आला आणि १५१ माणसे गाडली गेली. एस. टी.चा चालक नेहमीप्रमाणे गाडी घेऊन गेला, तो पाहतो तर गाव जागेवर नाही. त्याच्यामुळे ही बातमी बाहेर कळली. वाचलेल्यांचे नवे गाव जवळच आमडे येथे वसवले गेले. त्यानंतर भूवैज्ञानिकांनी डोंगरातल्या वस्त्या पाहिल्या आणि धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या.

याद्या हव्यातच. पण घाट उतरून शेजारच्या रायगड जिल्ह्यात काय झाले तेही ऐका. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. दरडीचा धोका असलेल्या गावांच्या यादीत ही वाडी नव्हती, असे सरकारनेच विधिमंडळात सांगितले. यादीत नाव असले तर माणूस सावध होतो. पण नाव नसले, तर तो निर्धास्त होतो, आणि यादीचा हाच मोठा दोष आहे. यादी बहुधा महसुली गावाच्या नावाने होते. वाडी, पाडा, डोंगरावरचे वीस उंबरे तिच्यातून सुटतात. जिल्ह्याच्या सरासरीत तालुका हरवतो, तालुक्याच्या सरासरीत गाव हरवते, आणि गावाच्या नावात वाडी हरवते. आजच्या भाषणाचा सारा मुद्दा हाच आहे.

कायद्याने यासाठी जागा ठेवलेली आहे. किल्लारीनंतर महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे करण्याचे काम सुरू झाले, आणि २००५ मध्ये साऱ्या देशासाठी आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याप्रमाणे प्रत्येक जिल्ह्यात एक प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी त्याचे अध्यक्ष आणि जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. जिल्ह्यातला कोणता भाग कोणत्या आपत्तीला बळी पडू शकतो हे आराखड्यात लिहावे आणि आराखडा दर वर्षी तपासावा, असे कायदाच सांगतो. पण कलेक्टर कचेरीत बसून कोणाला तुमच्या वाडीमागच्या डोंगराला पडलेली भेग दिसणार नाही. ती गुराख्याला दिसते. सार्वजनिक सभेने १८७६ मध्ये जे केले, ते आज गावाने आपल्यापुरते करावयाचे आहे.

ते कसे, हे थोडक्यात सांगतो. शाळेत एक जाड वही घाला. तिचे पाच भाग करा.

पहिल्या भागात पाऊस. शाळेत पर्जन्यमापक असेल तर उत्तम; नसेल तर सरळ बाजूंचा, सपाट तळाचा डबा उघड्यावर ठेवून रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने मोजा. मुलांना एवढे शिकवा, की एक हेक्टर रानावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दहा हजार लिटर पाणी. मग शंभर मिलिमीटर पडला तर डोंगरावर किती पाणी उभे राहिले ते त्यांचे त्यांनाच कळेल.

दुसऱ्या भागात पाण्याच्या खुणा. म्हाताऱ्या मंडळींना विचारून १९६१ चा, त्यानंतरचा, अलीकडचा पूर कोठवर आला होता ते देवळाच्या पायरीवर, वडाच्या बुंध्यावर दाखवून घ्या आणि रंगाने खूण करा. विहिरींची पातळी दिवाळीत आणि चैत्रात, वर्षातून दोनदा लिहा.

तिसऱ्या भागात जमीन. डोंगरउताराला नव्या भेगा पडल्या का, झाडे-खांब कलले का, घराच्या जोत्याला तडे गेले का, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले का किंवा आटले का, हे पावसाळ्यापूर्वी आणि पावसाळ्यात पाहावे. अशी खूण दिसली, आणि दोन दिवस पाऊस थांबला नाही, तर पंचनाम्याची वाट न पाहता माणसे खाली न्यावीत व तलाठ्याला कळवावे.

चौथ्या भागात घरे आणि माणसे. कोणाच्या भिंती फुगल्या आहेत, कोण एकटी म्हातारी आहे, कोण अंथरुणाला खिळलेले आहे, कोण बाळंतीण आहे, ऊसतोडीला कोण बाहेरगावी गेले आहे. रात्री बारा वाजता कोणाला कोणी उचलून न्यायचे, हे नावानिशी लिहा.

पाचवा भाग सर्वांत महत्त्वाचा, आणि तोच बहुधा कोरा राहतो. गेल्या वर्षभरात गावात नवे काय झाले? ओढ्यावर भराव पडला, डोंगर खोदून रस्ता निघाला, वर तलाव झाला, उतारावर सपाटीकरण झाले, नदीपात्रालगत चाळ उभी राहिली. खडकवासला आणि पानशेत यांची हकिकत आठवा. आपण एका संकटावर केलेला उपाय दुसऱ्या संकटाचे माप बदलून टाकतो. म्हणून ही वही एकदा भरून कपाटात ठेवायची नाही. दर वर्षी मेमध्ये, मृगाच्या आधी, ग्रामसभेत ती मोठ्याने वाचावी, आणि तिची एक प्रत तहसील कचेरीत देऊन पोच घ्यावी. म्हणजे जिल्ह्याच्या आराखड्यात तुमची वाडी नावानिशी जाईल, आणि गेली नाही तर विचारायला तुमच्या हातात कागद असेल.

हे काम फार मोठे आहे असे वाटून घेऊ नका. एक वही, एक पट्टी, चौथी-पाचवीच्या पुढची दहा-बारा मुले आणि त्यांच्याबरोबर एक दिवस शिवार फिरणारे गुरुजी किंवा बाई एवढे पुरे. येत्या मृगापूर्वी निदान दुसरा आणि तिसरा भाग तरी भरून काढा. पुरांच्या खुणा दाखवणारी म्हातारी माणसे दर वर्षी कमी होत चालली आहेत, तेव्हा सुरुवात त्यांच्यापासूनच करा.